मोन्तेव्रेनाची चौथी खिडकी

मी खिडकी बोलतेय. निदान मला घडवणाऱ्यांनी तरी मला हेच नाव दिलं. मला दगडी चौकट आहे, डोक्यावर त्रिकोणी मुकुट आहे, खाली नक्षीची पट्टी आहे, पट्टीखाली दोन पानं कोरलेली आहेत. खिडकीला लागतं ते सगळं माझ्याकडे आहे, फक्त मधली खिडकी नाही. तिथे भिंत आहे.

म्हणजे मी आंधळी. जन्मापासूनची. माझ्यातून वारा आत गेला नाही, धूर बाहेर आला नाही, कुणी पोरगी डोकावली नाही, कुणाच्या बापाने ती डोकावली म्हणून मला धाडकन बंदही केलं नाही. बंद करायला आधी उघडावं लागतं.

तरीसुद्धा लोक लांबून डोंगर चढून येतात, चौकात धापा टाकत उभे राहतात आणि मला बघून म्हणतात, "अहाहा! काय ती प्रमाणबद्धता!" प्रमाणबद्धता म्हणजे मीच. मी नसते तर नोफ्रींचा वाडा एका बाजूने फेंगडा दिसला असता.

माझ्या जन्माची कथा थोर आहे असं पुस्तकं सांगतात. त्या काळाला ती रेनेसाँ म्हणतात. माणसाने डोळे उघडले, जुन्या रोमच्या खांबांकडे बघितलं आणि त्याला सौंदर्याचा साक्षात्कार झाला वगैरे. असेल. आमच्या मोन्तेव्रेनात मात्र या सगळ्या प्रकाराला शेजाऱ्याची जिरवणं म्हणत.

शेजारी म्हणजे समोरच्या डोंगरावरचं रोक्कामेर्ला. मध्ये एक दरी. दरीच्या त्या काठावर एका धान्याच्या व्यापाऱ्याने चार खिडक्यांचा वाडा बांधला. या काठावर आमचा बाल्दास्सारे नोफ्री लोकर विकून गब्बर झाला होता. त्याने थेट फ्लोरेन्सहून वास्तू रचणारा उस्ताद बोलावला. उस्ताद दोन आठवडे चौकात दोऱ्या ताणून मोजमापं घेत होता. इमारत माणसाच्या देहासारखी हवी, तिचा प्रत्येक अवयव दुसऱ्याशी बोलला पाहिजे, असं काहीबाही तो सांगत होता. नोफ्री मान डोलावत होता. शेवटी नोफ्रीने एकच प्रश्न विचारला.

"रोक्कामेर्लाला किती खिडक्या आहेत?"

"चार."

"मग इथे पाच."

"पण मालक, चौथ्या जागी आतून मोठ्या चुलीचं धुराडं वर जातंय. तिथे खिडकी उघडणार कशी?"

"उघडायची कुणाला पडलीय?" नोफ्री म्हणाला. "मोजता आली म्हणजे झालं."

असा माझा जन्म. पुढे दोन वर्षांत रोक्कामेर्लाने आपल्या वाड्याला आणखी दोन खिडक्या लावल्या. त्याही माझ्यासारख्याच. आम्ही बहिणी पाचशे वर्षं दरीच्या आरपार एकमेकींकडे बघतोय. म्हणजे बघत नाही.

नोफ्री गेला, त्याची मुलं गेली, नातवंडांनी वाडा गहाण टाकला, आणि कधीतरी वाड्याचे तुकडे करून त्यात बिऱ्हाडं आली. मधल्या काळात कुणा रंगाऱ्याने माझ्या मधल्या भिंतीवर हिरवी झडप रंगवून ठेवली. ती किंचित किलकिली दाखवली आहे, जणू आतून कुणी आत्ताच उघडणार. चेष्टा करायलाही हिंमत लागते, ती त्याच्याकडे होती. बिऱ्हाडं आली तेव्हा मोठी चूल गेली, धुराडं पाडलं गेलं आणि माझ्या पाठीमागे एक खोली तयार झाली. माझ्या आणि त्या खोलीच्या मध्ये आता फक्त एका विटेची भिंत उरली. दोनशे सोळा विटा. मी मोजल्यात. मला दुसरं काम काय?

वाड्याच्या पायाशी, दर्शनी भिंतीला लागून, एक लांबलचक दगडी कट्टा आहे. नोफ्रीने तो येणाऱ्याजाणाऱ्यांना टेकायला बांधला. सध्या तिथे येणारे आहेत, जाणारे कोणी नाहीत. सकाळी नऊला म्हातारे जमतात, पत्ते काढतात, साडेअकराला कॉफीत ग्राप्पा या कडक दारूचे चार थेंब टाकून घेतात आणि एकला घरी जाऊन बायकोने केलेलं जेवतात. चारला पुन्हा हजर. तरुण मुलं पेरुज्याला, मिलानला, कुठे कुठे निघून गेली. ती का गेली यावर कट्ट्यावर रोज चर्चा होते. मी वरून ऐकते. कारणानेच कट्ट्यावर बसून कारण शोधणं हा फारच करमणुकीचा प्रकार आहे.

या कट्ट्याचे मुख्य म्हणजे जेओमेत्रा आर्नाल्दो. जेओमेत्रा म्हणजे जमिनी मोजणारा, घरांचे नकाशे काढणारा. आमच्याकडे ही पदवी माणसाच्या नावाआधी लागते आणि मेल्यावर थडग्यावरही कोरतात. आर्नाल्दो निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, पण ते उत्सव समितीचे अध्यक्ष आहेत, आणि त्यांच्या तोंडी एकच मोजमाप आहे.

"पाचशे वर्षं!"

चौकातला नळ दुरुस्त करायचा? पाचशे वर्षं तो असाच गळतोय. कट्ट्याला पाठ हवी? पाचशे वर्षं कुणी पाठ टेकली नाही. मी पाचशे वर्षांची आहे, मला कधी असं वाटलं नाही. हे सत्तर-पंचाहत्तरचे आणि वागतात मात्र माझ्याहून जुने.

दुसरा म्हणजे क्विन्तो. पाचवं अपत्य म्हणून क्विन्तो. जन्मभर गवंडीकाम केलेला, तोंडाने फटकळ, डोक्यावर बारा महिने तीच मळकी टोपी. त्याची माझ्याशी खास ओळख. ती कशी, हे सांगायला उत्सवाकडे यावं लागेल.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी संत तेरेन्झोची मिरवणूक निघते. त्या दिवशी वाड्याच्या पाचही खिडक्यांतून लाल मखमली झुली खाली सोडतात. चार खिडक्यांत आतून माणूस येतो, झूल पसरतो, संपलं. माझ्या आतून कोण येणार? म्हणून माझ्यासाठी बाहेरून शिडी लावतात. शिडीवरून माणूस चढतो आणि भिंतीवर झूल टांगतो. मग मिरवणूक येते. ढोल थांबतो. आठजण खांद्यावरचा संत प्रत्येक खिडकीसमोर पुढे झुकवतात आणि तीन वेळा प्रार्थना म्हणून होईपर्यंत तसाच धरतात. माझ्यासमोरसुद्धा. पाचशे वर्षं एक संत दरसाल एका भिंतीला वाकून नमस्कार करतोय, आणि मोन्तेव्रेनात एकालाही हसू आलेलं नाही.

गेली एकेचाळीस वर्षं माझी झूल क्विन्तो टांगत होता. आणि ती शिवली होती त्याच्या बहिणीने. सेत्तीमिया, सातवं अपत्य. तीच माझ्या पाठीमागच्या खोलीत राहते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिथेच. शिवणकाम करून तिने संसार केला, नवऱ्याला पोचवलं, अर्ध्या गावाचे लग्नाचे कपडे शिवले. सगळं गाव तिला आत्या म्हणतं. खोलीला दुसरी खिडकी आहे, पण ती आतल्या बोळात उघडते. तिच्यातून समोरच्याचं न्हाणीघर दिसतं. त्यामुळे आत्याच्या खोलीत दिवसाही दिवा.

झूल तिने शिवली, तिच्याच भिंतीवर ती टांगली जायची, आणि ती बघायला आत्या दरवर्षी अठ्ठेचाळीस पायऱ्या उतरून चौकात जायची. कट्ट्याच्या टोकाला उभी राहायची. संत माझ्यासमोर झुकला की पदर सारखा करावा तशी मानेवरची ओढणी सारखी करायची, जणू नमस्कार तिलाच होता. मला वाटतं, होताच.

तीन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं. जुळलं, पण जिना सुटला. तेव्हापासून आत्या पलंगावर. मिरवणुकीच्या दिवशी ती भिंतीला कान लावते. ढोल जवळ येतो. थांबतो. संत तिच्यापासून दहा हातांवर उभा असतो, आणि मध्ये मी. मग ढोल पुन्हा सुरू होतो, लांब जातो. आत्या भिंतीपासून कान काढते आणि दिव्याकडे बघत बसते. त्या तीन वर्षांत मला माझी लाज वाटायला शिकावं लागलं. आधी गरज पडली नव्हती.

आणि क्विन्तो? तिचा सख्खा भाऊ? तीन वर्षांत एकदा नाताळला गेला. "गुडघा," तो कट्ट्यावर सांगायचा. "जिना झेपत नाही रे." सप्टेंबरात मात्र शिडी झेपायची. संतासाठी चढायचं आणि बहिणीसाठी नाही, असा गुडघा मी तरी दुसरा बघितला नाही. पण शिडीवर असताना त्याचं तोंड माझ्यासमोर वीतभर असायचं. शेवटच्या वर्षी झूल टांगून झाल्यावर तो उगाच थांबला. रंगवलेल्या झडपेवर त्याने हात ठेवला. खालून कुणी ओरडलं, तसा हात काढून घेतला. त्याला गुडघ्याची भीती नव्हती. आडवी पडलेली सेत्तीमिया बघायची भीती होती. हे मी कट्ट्याला सांगितलं असतं, पण मला तोंड नव्हतं.

पुढच्या वर्षी तोंड मिळालं. ते देलियामुळे.

देलिया ही क्विन्तोची नात. सत्तावीस वर्षांची. फ्लोरेन्सला वास्तुकला शिकली, पाच वर्षं मोठमोठ्या इमारतींचे नकाशे काढले आणि आदल्या वर्षी परत आली. आत्याजवळ कुणीतरी हवं म्हणून. कट्ट्याला मात्र खात्री होती की तिला कामावरून काढलं असणार. "शिकून आली कशाला मग परत?" आधी मुलं जातात म्हणून रडायचं, एक परत आली की ती का आली म्हणून विचारायचं. म्हातारपणाचा हा फायदा मला फार आवडतो, दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

आल्या आल्या तिने आत्याच्या खोलीत बसून सरकारी कार्यालयाला अर्ज लिहिला: मागची भिंत धुराडं पाडल्यामुळे मोकळी आहे, तिला भार नाही, खिडकी उघडायची परवानगी द्यावी. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या त्या कार्यालयाने उत्तर दिलं, प्रकरण विचाराधीन आहे. विचार करायला त्यांनाही पाचशे वर्षं लागणार असतील.

मग ऑगस्टच्या शेवटी समितीला विमावाल्यांचं पत्र आलं. सत्तरीच्या वरचा माणूस शिडीवर चढला आणि पडला तर भरपाई मिळणार नाही. क्विन्तो पंचाहत्तरचा. कट्ट्यावर हाहाकार उडाला.

"मग दुसरा कोण?" आर्नाल्दोंनी विचारलं.

नावं निघाली. बेकरीवाल्याला उंचीची चक्कर येते. पाद्री केरळहून आलेले, चाळिशीचे, धडधाकट, पण ते मिरवणुकीत संताबरोबर. बाकी सत्तरीखाली गावात होती ती दोन कुत्री आणि देलिया.

"मी टांगते," देलिया म्हणाली. ती ब्रेड घेऊन चौकातून चालली होती.

"बाई शिडीवर? मिरवणुकीच्या दिवशी?" आर्नाल्दो म्हणाले. "पाचशे वर्षांत असं झालं नाही."

"शिडीवर कोण म्हणतंय? मी आतून टांगते. खिडकी आहे ना ती? खिडकीत झूल आतूनच टांगतात."

"ती खोटी खिडकी आहे, पोरी."

"मग खोट्या खिडकीला खरी झूल कशाला?"

मी वर जागच्या जागी थरारले. एक पोपडा पडला खाली, क्विन्तोच्या पत्त्यांवर.

"हे बघ," आर्नाल्दो हळू आवाजात, लहान मुलाला समजावतात तसं म्हणाले, "या वाड्याची रचना अशी आहे की पाच खिडक्या, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, मधली दाराच्या वर. एकीला जरी हात लागला ना..."

"मला शिकवू नका, जेओमेत्रा. मी त्याच्यावर परीक्षा दिलीय. रचना काय मोडणार आहे? उघडी खिडकी बाकीच्या चारांसारखी दिसेल. आत्ताच ती वेगळी दिसते. रंगवलेली झडप बघा, तिच्यावर पोपडे धरलेत. आणि तिच्या मागे एक माणूस तीन वर्षं दिव्याखाली पडलंय, ते तुमच्या रचनेत कुठे बसतं?"

"देलिया," क्विन्तो पत्ते खाली ठेवत म्हणाला, "मोठ्या माणसाशी असं बोलतात का?"

"आजोबा, तुम्ही तर गप्पच बसा. आत्याला भेटायला अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत आणि तुमच्या शिडीला तेहतीस. पंधरा पायऱ्यांसाठी बहीण सोडली तुम्ही."

क्विन्तोने टोपी पुढे ओढली. तो डाव तो हरला. पुढचाही.

समितीच्या तीन बैठका झाल्या, तीनही कट्ट्यावर, म्हणजे माझ्याच पायाशी. झूल नाही लावली तर रोक्कामेर्लाचे लोक दुर्बिणीने बघणार आणि हसणार, ही एक भीती. भिंतीला हात लावला तर पूर्वज काय म्हणतील, ही दुसरी. पूर्वज काय म्हणाले असते ते मला माहीत होतं. 'मोजता आली म्हणजे झालं.' तिसऱ्या बैठकीत आर्नाल्दोंना मार्ग सापडला. नोकरीतल्या चाळीस वर्षांत बहुधा त्यांनी हाच मार्ग सगळीकडे वापरला असावा.

"तात्पुरती व्यवस्था!" ते म्हणाले. "उत्सवापुरती एक वीट काढायची. एक! तिच्यातून दोऱ्या बाहेर सोडायच्या, खालून झूल बांधायची, आतून वर ओढायची. उत्सव संपला की वीट परत. तात्पुरत्याला परवानगी लागत नाही."

कट्ट्याने माना डोलावल्या. आमच्या देशात तात्पुरत्याइतकं टिकाऊ काहीच नसतं, हे त्यांच्यापैकी एकालाही आठवलं नाही. देलियाला आठवलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "चालेल."

शनिवारी सकाळी तिने छिन्नी घेतली. आत्या पलंगावर बसून बघत होती.

"पोरी, हलक्या हाताने. तिला दुखेल."

पाचशे वर्षांत माझ्या दुखण्याचा विचार करणारी ही पहिली बाई. तर सांगते, दुखलं नाही. गुदगुल्या झाल्या. चुना जुना, भुसभुशीत. पहिली वीट बाहेर आली. तिच्याशेजारची दुसरी वीट आपोआप निखळली, असं देलिया सांगते. मी तिथेच होते, पण मी काही बोलणार नाही.

आणि उजेड आत गेला. वीतभर रुंद, आत्याच्या पांघरुणावर. आत्याने त्याच्यावर हात ठेवला, जसा ती कापडाचा पोत बघायला ठेवायची. मग म्हणाली, "या चादरीचा रंग एवढा वाईट आहे होय?" आणि तोंड फिरवून घेतलं.

देलियाने पलंग भिंतीला लावून दिला. आत्याने उशीला टेकून डोळा भोकाशी नेला. तिला काय दिसलं ते मी सांगू शकते, कारण आतून बाहेर बघणं मलाही तेव्हाच पहिल्यांदा जमलं. नळ. बेकरीची पाटी. कट्ट्यावरची टोपी.

"क्विन्तो किती वाळलाय," आत्या म्हणाली. तिने हाक मारली नाही. "उद्या. संत आला की."

रविवारी चौक भरला. पेरुज्याची, मिलानची मुलं आली होती, संध्याकाळपर्यंत परत जायला. देलियाने भोकातून दोन दोऱ्या खाली सोडल्या. खाली झुलीच्या दांडीला त्या बांधल्या. देलिया ओढू लागली. दोऱ्यांची दुसरी टोकं तिने आत्याच्या लोखंडी पलंगाला बांधली होती, म्हणजे त्या दिवशी मोन्तेव्रेनाची परंपरा खरोखर आत्याच्या जिवावर उभी होती.

"आणखी वर!" आर्नाल्दो खालून ओरडले. "भोक दिसतंय! भोक दिसता कामा नये!"

दांडी भोकाच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. झूल सरळ भोकावरून खाली पडली. खाली टाळ्या वाजल्या.

आत खोलीत सगळं लाल झालं. आत्याची स्वतःच्या हाताने शिवलेली मखमल तिच्या डोळ्यासमोर, वीतभर अंतरावर. पलीकडे काही नाही. तीन वर्षं भिंत होती, आता झूल होती. देलिया रडायच्या बेतात होती, रागाने.

"मी कापते ती. आत्ता कापते. खड्ड्यात गेली त्यांची..."

"खबरदार!" आत्या म्हणाली. "सात महिने घातलेत मी तिच्यात. माझी काठी दे इकडे."

ढोल जवळ आला. पहिली खिडकी, ढोल थांबला, संत झुकला. दुसरी. तिसरी. मग माझ्यासमोर. आठ म्हाताऱ्यांच्या खांद्यांवर लाकडाचा संत, सगळे सत्तरीच्या वर; संत खांद्यावर घेतला तर विम्याला चालतं. ढोल थांबला. संत माझ्यासमोर झुकू लागला.

तेवढ्यात झुलीच्या मागून काठीचं टोक बाहेर आलं. त्याने मखमल बाजूला सारली. मग एक हात आला, बोटात शिवणाचं अंगुस्तान घातलेला. आणि पाचशे वर्षं मुकी असलेली खिडकी खणखणीत आवाजात म्हणाली:

"क्विन्तो! टोपी काढ, मेल्या! संत समोर उभाय!"

बेकरीवालीने छातीवर क्रूस काढला. कुणीतरी गुडघ्यावर बसलं. पाद्रींना प्रार्थनेतला पुढचा शब्द आठवेना. आणि क्विन्तोने टोपी काढली. त्याचं टक्कल उन्हात चमकलं. मला वाटतं गावाने ते पहिल्यांदाच बघितलं. तो वर बघत राहिला. संत झुकलेला, आठजणांचे खांदे थरथरताहेत, आर्नाल्दो घड्याळाकडे बघताहेत.

"सेत्तीमिया," क्विन्तो म्हणाला. अशा वेळी माणूस जे बोलतो तेच तो बोलला. "जेवलीस का?"

"तीन वर्षांनी विचारतोयस! वर ये, मग सांगते."

"गुडघा..."

"गुडघा घेऊनच ये. तो तिथे ठेवून कशाला येतोस?"

चौक हसला. नाही, मी खोटं सांगतेय, आधी कुणीच हसलं नाही. आधी आत्या हसली, भोकातून, आणि मग चौक. संताचा तोल जाता जाता राहिला. त्या वर्षी माझ्यासमोर तीन नाही, अकरा वेळा प्रार्थना होईल इतका वेळ तो वाकून होता. लाकडाच्या संताला घाई नसते. जिवंतांनाच असते.

क्विन्तो अठ्ठेचाळीस पायऱ्या चढला. मधे चार वेळा थांबला, देलिया खाली येऊन त्याच्या दंडाला धरून उभी राहिली आणि दर वेळी "पंधराच राहिल्या, आजोबा" म्हणून खोटं बोलली. खोलीत काय झालं ते मी सांगणार नाही. मी आता अर्धी खरी खिडकी आहे, आणि खऱ्या खिडकीला थोडी गोपनीयता पाळावी लागते. एवढंच सांगते की टोपी आत्याच्या पलंगाच्या खांबाला अडकवलेली होती, आणि ती संध्याकाळपर्यंत तिथेच होती.

सोमवारी विटा परत लावायच्या होत्या. बाहेरून नीट लावायला शिडी हवी. शिडीवर चढायला सत्तरीखालचा माणूस हवा. मुलं गाड्या घेऊन निघून गेली होती. देलियाला विचारलं, तर तिने सांगितलं, "बाई शिडीवर? पाचशे वर्षांत असं झालं नाही."

त्यामुळे भोक राहिलं. आत्या रोज नऊला भोकाशी हजर असते. कट्ट्याचे डाव वरून बघते आणि आवाज देते. "आर्नाल्दो, हुकूम लपवलायस मांडीखाली!" तेव्हापासून कट्ट्यावरचा खेळ बराच प्रामाणिक झाला आहे आणि बराच कंटाळवाणाही, असं ते म्हणतात. क्विन्तो रोज साडेअकराला कॉफी घेऊन वर जातो. सकाळी बारा वेळा गुडघा चोळतो, पण जातो.

मार्चमध्ये कार्यालयाचं उत्तर आलं. खिडकी उघडायला परवानगी नाही. शिवाय, जे भोक पाडलं आहे ते बुजवावं. सोबत एक तरुण अधिकारी आला, हातात मोजपट्टी. त्याने चौकात उभं राहून माझ्याकडे बोट दाखवलं.

जेओमेत्रा आर्नाल्दो कट्ट्यावरून उठले. त्यांनी कोट सारखा केला.

"हे भोक?" ते म्हणाले. "हे बुजवणार तुम्ही? अहो, झुलीच्या दोरीसाठी ठेवलेलं आहे ते. परंपरा आहे. बाल्दास्सारे नोफ्रीच्या काळापासून. विचारा कुणालाही."

त्याने कट्ट्याकडे बघितलं. कट्टा एका आवाजात म्हणाला, "पाचशे वर्षं!"

अधिकाऱ्याने मोजपट्टी गुंडाळली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेला. पुन्हा विचाराधीन असणार.

वरच्या मजल्यावर देलियाने कपाळाला हात लावला. ती हसत नव्हती. तिला अख्खी खिडकी हवी होती. आत्याचं वय बाहत्तर. वर्षाला दोन विटा या हिशेबाने उरलेल्या दोनशे चौदा विटांना एकशे सात वर्षं लागतील. मला घाई नाही, मी दगड आहे. पण देलियाने छिन्नी टेबलावर ठेवली आहे, खणात नाही, आणि मधूनमधून तिच्याकडे बघते. कधीकधी खोलीत काहीतरी 'आपोआप' निखळल्याचा आवाज येतो. मग आत्या जोरात खोकते.

तुम्ही इथे फिरायला आलात तर चौकात उभे राहाल, पाच खिडक्या मोजाल, फोनने माझा फोटो काढाल. चौथ्या खिडकीत, झडपेच्या खालच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका येईल. सुंदर प्रमाण बिघडवतो तो. फोनमध्ये बोटाने पुसून टाकायची सोय असते म्हणे.

पुसू नका. आधी हात हलवा. तिकडून एक डोळा तुमच्याकडे बघतोय, आणि डोक्यावर टोपी असेल तर तुमचं नाव विचारायच्या आत तुम्हालाही ओरडा बसणार आहे.